साळूबाईचा ढीग

साळूबाईशी माझी ओळख भांडणानं झाली. भांडलो मी, ती नुसती उभी होती. चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कुणाचा भलता गैरसमज नको.

साल शहाऐंशी. जालना जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती आणि फळबाजारात माझा गाळा नवा होता. मी मच्छिंद्र, मोसंबीचा आडत्या. शेतकऱ्याचा माल माझ्या गाळ्यासमोर ढिगानं ओतायचा, खरीददारांना गोळा करायचं, लिलाव पुकारायचा आणि भाव फुटला की त्यातली माझी आडत काढून घ्यायची, असा धंदा. आवाज दांडगा होता आणि राग नाकावर. आडत्याला दोन्ही लागतात.

आता ढिगाचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. मोसंबीचा ढीग कुणीही जसाच्या तसा लावत नाही. मोठं, गोल, पिवळं पडत आलेलं फळ वर आणि बारीकसारीक, डागी फळ पोटात. याला आम्ही ढिगाला तोंड लावणं म्हणायचो. यात चोरी आहे असं कुणाला वाटत नसे. घेणाराही दुधखुळा नव्हता. तो वरचं फळ पाहायचा, खाली याच्याहून हलकं असणार असं धरायचा, बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळातलं फळ उपसून बघायचा आणि मग बोली बोलायचा. देणारा लपवतो, घेणारा उकरतो, आणि दोघांच्या मध्ये कुठंतरी भाव ठरतो. बाजार असाच चालायचा.

आणि अशा बाजारात ही बाई आली, वाटूरकडची. वाटूर फाट्यापासून दोन कोसांवर तिची जमीन होती. नवरा लवकर गेला. भाऊबंद म्हणाले कापूस लाव. हिनं दोनशे मोसंबी लावल्या आणि पाच-सहा वर्षं झाडांकडं बघत काढली. ठेंगणी, काटक, बोलणं हळू. टेम्पोतल्या मालावर बसूनच आली होती. हमालांना बाजूला सारून तिनं स्वतः कॅरेटं ओतली, आलं तसं. मोठं, बारीक, डागी, सगळं एकात एक. वर एक खरवडलेलं फळ दिमाखात बसलं होतं.

मी खेकसलो, "बाई, हे काय करून ठेवलं? तोंड लावा त्याला! असं बघून लोक म्हणतील, वर हे तर पोटात काय असंल?"

"पोटात बी हेच हाये," ती म्हणाली.

"पण त्यांना कसं कळणार?"

"हात घालतेत ना? कळंल."

कळलं नाही. बाजाराला एवढं खरं सोसत नाही. खरीददारांनी सवयीप्रमाणं वरचं पाहून भाव पाडला आणि तिच्या मालाला शेजारच्या ढिगापेक्षा टनामागं तीनशे रुपये कमी आले. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणालो, तुमचं नुकसान तर झालंच, माझ्या गाळ्याचीही शोभा गेली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, म्या फळाला वर-खाली केलं की मला घरी गेल्यावर कसंतरीच होतं. तुम्ही तुमचं काम करा बराबर, म्या माझं करते."

दोन वर्षं तिनं असाच मार खाल्ला. तिसऱ्या वर्षी हैदराबादचे हाजीसाब आले. मोठे खरीददार, पांढरी दाढी, मनगटावर बाहीचं बटण लावलेलं. त्यांनी बटण काढलं, ढिगात हात घातला, तळातलं फळ काढलं. पुन्हा दुसऱ्या अंगानं घातला. तिसऱ्यांदा घातला. मग बाईकडं बघून हसले आणि चांगली बोली दिली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी एकदाच हात घातला आणि त्याच्याही पुढच्या खेपेला घातलाच नाही. "बाई के ढेर में हात नै डालना," ते आपल्या माणसाला म्हणाले, "इमान का माल है."

तेव्हापासून साळूबाईचा ढीग म्हणजे बाजारातलं एक नवल झालं. इतरांना हाजीसाब उकरून उकरून बेजार करायचे आणि हिच्या ढिगापुढं नुसते उभे राहून भाव बोलायचे. आसपासच्या ढिगांपेक्षा शंभर-दोनशे जास्तच. तीही त्याला जागून होती. एका वर्षी डास, म्हणजे रस शोषणारा पतंग, बसून माल डागला, तर तिनं आल्या आल्या सांगितलं, "हाजीसाब, यंदा कमी बोला." सबंध बाजार हसला. मीही हसलो, पण आतून मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. ती माझ्या गाळ्यावर येते हे मी चारचौघांत मुद्दाम सांगायचो.

फळाचं तिला विलक्षण कळायचं. मोसंबी तळहातावर अलगद उडवायची आणि वजनावरून रस सांगायची. दिवाळीच्या आसपास आंबे बहाराचा माल सगळीकडून धो धो येतो आणि भाव बसतो, म्हणून ती निम्म्या बागेला उन्हाळ्यात ताण द्यायची, म्हणजे पाणी तोडायची, आणि पावसाळ्यात मृग बहार धरायची. ते फळ उन्हाळ्याच्या तोंडाला येतं, बाजारात माल नसतो आणि रसवाले पाठीमागं लागतात. उन्हात सुकून चाललेली झाडं बघत पाणी न देता बसणं सोपं नसतं. ती म्हणायची, "लेकराला उपाशी ठिवल्यावानी वाटतं बघा. पण त्याच्या बिगर फूल येत न्हाई."

आता माझ्यावर येतो.

आमच्या ओळीतल्या आडत्यांची एक रीत होती. दसऱ्यानंतर आंबे बहाराचा मुहूर्ताचा सौदा व्हायचा. त्या दिवशी ज्याच्या गाळ्यावर सगळ्यात चढा भाव फुटेल, त्या आडत्याला बाकीच्यांनी मिळून फेटा बांधायचा आणि त्या शेतकऱ्याला नारळ-टॉवेल किंवा लुगडं द्यायचं. वर्षभर मग त्या गाळ्यावर माल आपसूक चालत येतो. समोरचे रामराव लागोपाठ तीन वर्षं फेटा बांधून मिरवत होते. पानाच्या टपरीवर मला म्हणाले, "मच्छिंद्र, तुझं डोकं काय मापाचं न्हाई फेट्याच्या." झालं. मला ते लागलं. मोठा माणूस असतो तर हसून सोडलं असतं.

ते पंच्याण्णव साल. उन्हाळ्यात विहिरी आटल्या होत्या, सगळ्यांचंच फळ बारीक होतं. मुहूर्ताच्या दिवशी साळूबाईचा टेम्पो सकाळी सातला आला. नेहमीसारखी ती सोबत नव्हती, घरी पाहुणे होते म्हणून मागून एसटीनं येणार होती. कॅरेटं तिची सून बेबीनंदा हिनं बागेत भरून दिली होती. मी एक कॅरेट उघडलं. फळ मिसळ होतं, मोठं चौथाईसुद्धा नव्हतं. आणि माझ्या मनात आलं की बाजारात एकच ढीग असा आहे, ज्यात हाजीसाब हात घालत नाहीत.

हमालाला मी चहाला पाठवलं. दीड तास खाली बसून मी स्वतःच्या हातानं मोठं फळ वेचलं. बारीक खाली पसरलं आणि वर मोठ्याचा थर दिला. असं तोंड लावलं की मीच मागं सरून बघत राहिलो. दुसऱ्या कुणाच्या ढिगाला ते लावलं असतं तर काही बिघडत नव्हतं, कारण तिथं सगळ्यांनी उकरलंच असतं. मी ते त्या एकाच ढिगाला लावलं, जिथं कुणी उकरणार नव्हतं. तिनं नऊ वर्षं जे जपलं, ते मी एका फेट्यासाठी खर्ची घातलं.

साळूबाई आली तेव्हा लिलाव पुकारायची वेळ झाली होती. ढिगाकडं बघून ती थबकली.

"भाऊ, हा ढीग माझाच का?"

"तुमचाच."

"एवढं मोठं फळ न्हाई यंदा बागेला. कुणी तोंड लावलं का ह्याला?"

"कोण लावणार? टेम्पोतनं आलं तसं ओतलं," मी म्हणालो आणि लगेच लिलाव पुकारायला लागलो, म्हणजे तिला पुढं विचारता येऊ नये.

हाजीसाबनी नुसतं बघितलं आणि बोली दिली. त्या दिवशीचा सगळ्यात चढा भाव. मला फेटा बांधला, साळूबाईला लुगडं दिलं. तिनं ते घेतलं, पण तिची नजर ढिगावरच होती. हमाल माल भरायला लागायच्या आधीच तिची एसटी निघणार होती, म्हणून ती गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. रामराव समोरून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं, हेही कबूल करतो.

नऊ दिवसांनी तिचा दुसरा टेम्पो आला. या वेळी ती स्वतः होती, स्वतः माल ओतला, आलं तसं. हाजीसाब आले. ढिगासमोर उभे राहिले. नेहमीसारखं बोलले नाहीत. मनगटावरचं बटण काढलं, बाही वर सारली.

"माफ करना बाई," ते खाली बघून म्हणाले, "अब देखना पडता."

आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग दुसऱ्या खरीददारानं घातला, तिसऱ्यानं घातला. साळूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. हाजीसाबांना हैदराबादेत काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते तिला न सांगता कळलं. मी दहा पावलांवर होतो. एवढंच म्हणायचं होतं, हाजीसाब, ते मी केलं. मी घसा खाकरला आणि लिलाव पुकारला.

माल मातीमोल गेला. निघताना ती माझ्याकडं आली. मला वाटलं, आता विचारते. तिनं हात जोडले.

"भाऊ, चूक आमच्या घरातूनच झाली म्हणायची. तुमच्या गाळ्याचं नाव गेलं. माफ करा."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "असू द्या. होतं असं."

आजही एकटा असलो की हे चार शब्द माझ्या कानात येतात आणि माझा मलाच संताप येतो.

साळूबाई पुन्हा बाजारात आली नाही. बाग झाडावरच एका व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकते, असं कानावर आलं. मी स्वतःची समजूत घातली की बाई थकली असेल. फेटा मी ट्रंकेत टाकला. भाच्याच्या लग्नात माझी बायको द्वारकाबाई म्हणाली, "अहो, एवढा मानाचा फेटा, बांधा की," तर मी तिच्यावरच ओरडलो. तिला बिचारीला काय माहीत.

नऊ वर्षं अशीच गेली. हाजीसाब वारले, मी गाळा पुतण्याकडं दिला. दोन हजार चार साली मंठ्याला एका लग्नाला निघालो होतो, वाटूर फाट्यावर चहाला उतरलो. रस्त्याकडेला एक बाई गोणपाटावर मोसंबीचा ढीग लावून बसली होती. मी बघतच राहिलो. ढिगाला तोंड होतं, पण उलटं. खरवडलेली, डागी, वाकडी फळं वर आणि चांगली खाली.

"बाई, असा ढीग लावून गिऱ्हाईक थांबंल का?"

"थांबतंय की," ती हसून म्हणाली. "वर खराब दिसलं म्हंजी पोटात काय असंल ह्याचा घोर राहत न्हाई." मग तिनं मला निरखलं. "तुम्ही मच्छिंद्रभाऊ ना, जालन्याचे? म्या बेबीनंदा, साळूबाईची सून. एकदा आल्ते आत्यासंगं. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली, भाऊ. लई नाव काढायच्या तुमचं."

मी तिथल्याच दगडावर बसलो. तिनं एक मोसंबी सोलून माझ्या हातात दिली आणि बोलत राहिली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच ऐकवत नव्हतं.

"हाजीसाबनं हात घातला ना, त्या दिसी आत्या घरी आल्या अन् मला विचारलं, मुहूर्ताची कॅरेटं कशी भरली? म्या म्हणलं, तोडलं तसं. त्या म्हणल्या, न्हाई, मोठ्या फळाची कॅरेटं तू तळाशी रचली, ती शेवटाला उतरली अन् ढिगाच्या वर आली. म्या लेकराच्या डोक्यावर हात ठिवला. त्या म्हणल्या, मच्छिंद्रभाऊ म्हणले आलं तसं ओतलं. मंग काय ते खोटं बोलले?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? त्यांचा तुमच्यावर लई भरोसा. वर्षभर माझ्याशी बोलल्या न्हाईत. बागेत जायच्या, नुसत्या झाडाखाली बसून राह्यच्या. जेवण तुटलं. हे बी मला टाकून बोलायला लागले." हे म्हणजे तिचा नवरा, साळूबाईचा मुलगा वसंता. "मंग एक दिस म्या म्हणलं, आत्या, म्याच केलं, चुकले. त्या रडल्या, मला जवळ घेतलं, अन् त्या दिसी पोटभर जेवल्या. मंग मरस्तोवर आल्यागेल्याला सांगायच्या, माझी सून चुकली, पण कबूल केलं तिनं, असं मन पाह्यजे. कवतिकानंच सांगायच्या. सगळ्या गावाला म्हाईत हाये म्या काय केल्तं. म्हून आता हे खराब फळ वर ठिवावं लागतं."

"पण तुम्ही केलं नव्हतं," माझ्या तोंडून गेलं.

तिचा हात थांबला. "तुम्हाला कसं म्हाईत?"

मग मी सांगितलं. सगळं. चहाला पाठवलेला हमाल, दीड तास, फेटा, ते 'आलं तसं ओतलं'. ती माझ्याकडं न बघता तराजूकडं बघत होती. एक एसटी आली, थांबली, गेली.

"आत्या व्हत्या तवा का न्हाई आलात?" तिनं विचारलं.

लाज वाटली म्हणून, एवढंच खरं होतं.

"मला सांगून काय फायदा, भाऊ? म्या केलं न्हाई हे मला तर म्हाईतच व्हतं. गावाला सांगा. परवा बाजार हाये. इथं या, समद्यांम्होरं सांगा."

मी घरी येऊन ट्रंक उघडली. बाजाराच्या दिवशी फेटा पिशवीत घालून वाटूरला गेलो. द्वारकाबाईला सगळं सांगून निघालो. ती दारापर्यंत आली. वाटेत तीनदा वाटलं की उतरून परतीची गाडी धरावी.

बेबीनंदा गोणपाटावर बसली होती. शेजारी वसंता उभा होता आणि साळूबाईचे चुलत दीर पुंजाराम, गावातलं वजनदार माणूस. तिनं पाच-दहा जणांना बोलावून ठेवलं होतं, बघता बघता वीस-पंचवीस झाले. मी फेटा बाहेर काढला आणि गाळ्यावर वर्षानुवर्षं ज्या आवाजात लिलाव पुकारला त्याच आवाजात सांगितलं, की पंच्याण्णवच्या मुहूर्ताला साळूबाईच्या ढिगाला तोंड मी लावलं, या बाईनं नाही, आणि हा फेटा मी त्या खोट्यावर घेतला. शेवटी आवाज फुटला, डोळे भरून आले.

वसंतानं बायकोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही.

पुंजाराम पुढं आले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडं वळून म्हणाले, "बघा, असं असतं मोठ्या मनाचं माणूस! साळू म्हणायची ते खोटं न्हाई. पोरीनं तर सोताच्या तोंडानं कबूल केल्तं, समद्यांला म्हाईत हाये. तरी बी तिच्यावरचा डाग पुसायला भाऊ जालन्याहून आले अन् सोताच्या अंगावर घेऊन राह्यले."

"नाही हो, खरंच मी..." मी म्हणालो.

"बस करा, भाऊ. समजलं आम्हाला."

माना डोलल्या. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला. मी ओरडून सांगितलं, रागावलो, पण जितका रागावलो तितके ते जास्त हळवे झाले. पुंजारामांनी माझ्या हातातला फेटा घेतला, झटकला आणि तिथंच माझ्या डोक्याला बांधला. मी अडवलं तर दोघातिघांनी माझे हात प्रेमानं धरले.

मग गर्दी पांगायला लागली. पुंजाराम बेबीनंदाकडं वळले. "दोन किलो दे, बाई. घरी पाहुणे हायेत."

आणि बोलता बोलता त्यांनी बाही सारून तिच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. बेबीनंदानं तराजू उचलला. ती त्यांच्या हाताकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.